साखर-मळ्यांच्या जमिनीचा प्रश्न : अहमदनगर जिल्ह्यातील पक्षसंघर्ष आणि तडजोड

मराठी व्यवहारात दुसऱ्याची जमीन कसून तिच्याबद्दल खंड भरणारा तो खंडकरी. अहमदनगर जिल्ह्याच्या कालवा-भागात मात्र या शब्दाचा अर्थ उलटा झाला आहे. श्रीरामपूर, राहाता, कोपरगाव या बाजूस खंडकरी म्हणजे खंड घेणारा, अर्थात जमिनीचा मूळ मालक. खंड भरणारा येथे साखर कारखाना होता. शब्दाच्या या उलथापालथीत जिल्ह्याच्या अर्धशतकाच्या राजकारणाचे बीज दडलेले आहे. जमीनसुधारणेचे जे कायदे स्वातंत्र्योत्तर काळात देशभर झाले, त्यांनी मालक हा सबळ आणि कूळ हे दुर्बळ असे गृहीत धरले होते. येथे मालक दहा-वीस एकरांचा शेतकरी आणि कूळ मुंबईच्या भांडवलावर उभी राहिलेली कंपनी, अशी स्थिती होती. (जिल्ह्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे; प्रस्तुत विवेचनातील घटना बहुतांशी त्यापूर्वीच्या असल्याने येथे जुनेच नाव योजले आहे.)

शेतजमिनीची कमाल मर्यादा ठरवणे हा १९५० नंतरच्या दशकात देशापुढील अंतर्गत धोरणाचा एक मोठा प्रश्न होता आणि त्यावर पक्षापक्षांत तीव्र मतभेद होते. महाराष्ट्रात १९६१ साली जो कायदा झाला, तो पक्षसंघर्षावर समंजस तडजोडीने मात केल्याचे उदाहरण म्हणून सांगितला जातो. राज्यातील मोठ्या खाजगी साखर-मळ्यांना त्या कायद्याने हात घातला, ही गोष्ट खरी आहे आणि ती लहान नाही. परंतु तडजोड झाली म्हणजे नेमके कोणाकोणात झाली, हे पाहिल्यावाचून तिचे मूल्यमापन करणे योग्य होणार नाही. त्यासाठी प्रश्नाच्या मुळाशी, म्हणजे कालव्यांपाशी, जावे लागते.

गोदावरीचे कालवे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात वाहू लागले. प्रवरेवरील भंडारदरा धरणाचे काम १९१० साली सुरू झाले आणि १० डिसेंबर १९२६ रोजी गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. या योजनांचा हेतू दुष्काळनिवारणाचा होता. परंतु दुष्काळात पाणी हवे म्हणून जो कालवा काढावयाचा, त्याचा खर्च चांगल्या पावसाच्या वर्षीही भरून निघाला पाहिजे, असा सरकारी हिशेब असे. ज्वारी-बाजरीच्या शेतकऱ्याला पावसाळ्यात कालव्याच्या पाण्याची गरज नसे, आणि बारमाही ऊस लावण्यास लागणारे भांडवल त्याच्याजवळ नव्हते. सासवड भागातून आलेल्या माळी बागाईतदारांनी कालव्यांवर ऊस आणि गूळ यांचा धंदा उभा केला, तरी पाणी उरतच होते. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने साखर कंपन्यांना उत्तेजन देण्याचे ठरवले, त्याचे कारण या शिल्लक पाण्यात सापडते.

हरेगावची बेलापूर कंपनी ही यांतील पहिली मोठी कंपनी. तिच्यासाठी गावोगावच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने घेण्यात सरकारी यंत्रणेचा पुढाकार होता. करार सामान्यतः तीस वर्षांचे असत. तीस वर्षांनंतर जमीन आपल्याला परत मिळेल, अशी शेतकऱ्याची समजूत होती आणि कराराच्या मुदतीचा दुसरा अर्थ तो लावणार तरी कसा? खंडाची रक्कम ठरीव होती. पाणी आले, ऊस आला, साखर आली, जमिनीची किंमत कित्येक पटींनी वाढली, परंतु त्या वाढीत खंडकऱ्याचा वाटा नव्हता. १९३२ च्या साखरसंरक्षक जकातीनंतर टिळकनगर, साकरवाडी, लक्ष्मीवाडी, चांगदेवनगर अशी कारखान्यांची रांगच उभी राहिली. नेमक्या याच सुमारास जागतिक मंदीमुळे गुळाचे भाव कोसळले होते. कर्जात बुडालेल्या बागाईतदाराला जमीन खंडाने देऊन टाकणे हा सुटकेचा मार्ग वाटला असल्यास नवल नाही.

मळ्यांवर एक नवा समाजही वसला. ऊस लावणे, पाणी देणे, तोडणी आणि वाहतूक यांसाठी हजारो मजूर मळ्यांच्या वाड्यांवर राहू लागले. त्यांत भूमिहीन दलितांचे प्रमाण मोठे होते. महार वतनदारांची परिषद डिसेंबर १९३९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली हरेगाव येथेच भरली, हा केवळ योगायोग म्हणता येत नाही. वतनाच्या तुटपुंज्या जमिनीवर जगू न शकणारा माणूस रोजगारासाठी मळ्यावर येत होता, आणि जमिनीचा प्रश्न त्याच्या दृष्टीने खंडकऱ्याच्या प्रश्नाहून वेगळाच होता. खंडकऱ्याला गेलेली जमीन परत हवी होती. मजुराची जमीन कधी गेलीच नव्हती, कारण ती त्याला कधी मिळालीच नव्हती. पुढच्या सर्व गुंतागुंतीत हा भेद ध्यानात ठेवावा लागतो.

याच प्रदेशात पक्षभेद बाजूस ठेवून उभ्या राहिलेल्या कार्याचेही एक ठळक उदाहरण आहे. १९४५ साली बेलापूर रोड, म्हणजे आजचे श्रीरामपूर, येथे दख्खन कालव्यांवरील बागाईतदारांची परिषद डॉ. धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली भरली. तीतून सहकारी साखर कारखान्याची कल्पना पुढे आली. ३१ डिसेंबर १९४८ रोजी प्रवरा सहकारी साखर कारखान्याची नोंदणी झाली आणि १९५०-५१ मध्ये गाळप सुरू झाले. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील, अर्थशास्त्रज्ञ गाडगीळ आणि सहकार-क्षेत्रातील वैकुंठभाई मेहता यांच्या प्रयत्नांतून हा कारखाना झाला. गाडगीळ कोणत्याही पक्षाचे पुढारी नव्हते, आणि त्यांनी कारखान्याचे अध्यक्षपद स्वीकारले. खाजगी कारखान्याला जमीन देऊन खंड घेण्याऐवजी जमीन स्वतःकडे ठेवून कारखाना आपला करावयाचा, हा प्रवरेचा धडा होता. ज्यांच्या जमिनी अगोदरच मळ्यांत गेल्या होत्या, त्यांच्यासाठी मात्र हा धडा उशिरा आला. ऊस लावण्यास जमीन ज्याच्याजवळ होती, त्यालाच सहकारी कारखान्याचे सभासदत्व उपयोगी होते. प्रवरेच्या गौरवपर इतिहासांत ही बाजू सहसा येत नाही.

राजकीय पक्षांची मांडणी याच वर्षांत बदलत होती. काँग्रेसमधून बाहेर पडलेल्या मंडळींनी शेतकरी कामगार पक्ष काढला. कम्युनिस्ट पक्षाने जिल्ह्याच्या उत्तर भागात, विशेषतः अकोले, संगमनेर, राहुरी येथे, पाय रोवले होते. संगमनेरचे दत्ता देशमुख १९४६ साली काँग्रेसतर्फे मुंबई विधानसभेत गेले, पुढे शेतकरी कामगार पक्षात आणि तेथून लाल निशाण गटात. साखर कामगार आणि शेतमजूर यांच्या संघटनेत या गटाचे काम मोठे होते. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची वाताहत झाली. अहमदनगरातून लोकसभेवर रघुनाथ केशव खाडिलकर आणि कोपरगावातून बी. सी. कांबळे निवडून आले. विधानसभेत दत्ता देशमुख परत आले. भाषिक राज्याच्या प्रश्नावर लढवलेल्या या निवडणुकीत जमिनीचा प्रश्न पार्श्वभूमीला होता, परंतु समितीच्या घटकपक्षांचा ग्रामीण पाया जमिनीच्याच प्रश्नावर उभा होता. सत्ताधारी पक्षाला हे समजत नव्हते असे मानण्याचे कारण नाही.

कुळकायद्याच्या अनुभवाने खंडकऱ्यांची अवस्था अधिकच चमत्कारिक झाली होती. १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट आणि शेतजमीन कायद्याने, आणि विशेषतः १९५६ च्या दुरुस्तीनंतर १ एप्रिल १९५७ या कृषकदिनापासून, कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले जाऊ लागले. हा नियम सरसकट लावला असता तर बेलापूर कंपनी ही हरेगावच्या शेतकऱ्यांच्या जमिनीची मालक झाली असती! कायदेमंडळाने हा अनर्थ ओळखला आणि ऊस-लागवडीसाठी दिलेल्या तसेच औद्योगिक संस्थांकडे खंडाने असलेल्या जमिनींना कलम ४३-अ अन्वये कायद्याच्या मुख्य तरतुदींतून वगळले. अशा रीतीने कंपनी मालक झाली नाही. पण जमीन खंडकऱ्याच्या हातीही परत आली नाही. त्याचा हक्क कागदावर जिवंत राहिला, आणि वहिवाट दुसऱ्याची राहिली. जमीनसुधारणेच्या शब्दकोशात त्याच्यासाठी शब्दच नव्हता, हे आरंभी सांगितलेच आहे.

आता राष्ट्रीय पातळीवरील धोरणाकडे वळले पाहिजे. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेने कमाल जमीनधारणेची शिफारस केली, परंतु काही प्रकारच्या जमिनी मर्यादेतून वगळाव्यात असेही सुचवले. चहा-कॉफी-रबराचे मळे, फळबागा, पशुपैदाशीची विशेष शेती, कार्यक्षम रीतीने चालणारी मोठी सलग शेती, आणि साखर कारखान्यांनी चालवलेली उसाची शेती, हे ते प्रकार होत. जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनाने कमाल मर्यादा आणि सहकारी संयुक्त शेती यांचा ठराव केला. त्यावरून देशात वादळ उठले. त्याच वर्षी राजाजींच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र पक्ष स्थापन झाला, आणि खुद्द काँग्रेसमध्ये चरणसिंगांसारख्या नेत्यांनी संयुक्त शेतीला उघड विरोध केला. डावे पक्ष दुसऱ्या टोकाला होते. मर्यादा कमी करा आणि सवलती काढून टाका, अशी त्यांची मागणी होती.

या पार्श्वभूमीवर महाराष्ट्राने काय केले? यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री आणि वसंतराव नाईक महसूलमंत्री असताना १९६१ चा २७ वा अधिनियम मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९६२ पासून तो अमलात आला. बारमाही बागाईतीसाठी १८ एकर, दोन हंगामांचे पाणी असलेल्या जमिनीसाठी २७ एकर, एका हंगामाच्या पाण्यासाठी ४८ एकर आणि जिराईतीसाठी प्रदेशपरत्वे ६६ ते १२६ एकर अशा मर्यादा ठरल्या. डाव्या टीकाकारांच्या दृष्टीने या मर्यादा फारच सैल होत्या, आणि जिराईतीच्या बाबतीत ही टीका खोटी ठरवणे कठीण आहे. मात्र साखर-मळ्यांच्या बाबतीत राज्याने योजना आयोगाने सुचवलेली सूट स्वीकारली नाही. कारखान्यांची जमीन मर्यादेखाली आली. राष्ट्रीय धोरण जेथे थांबले होते, तेथून एक पाऊल पुढे टाकण्याचा हा निर्णय होता.

तो कसा शक्य झाला, याचे उत्तर यशवंतरावांच्या राजकारणाच्या पद्धतीत शोधले जाते. बेरजेचे राजकारण या नावाने ती पद्धती प्रसिद्ध आहे. विरोधकाला पराभूत करण्यापेक्षा त्याच्या मागणीतील पचण्याजोगा भाग उचलावयाचा, आणि जमल्यास त्याच्यासह उचलावयाचा. १ मे १९६० नंतर समितीचे प्रयोजन संपले आणि तिच्यातील अनेक कार्यकर्ते काँग्रेसकडे वळले. नगर जिल्ह्यात याची उदाहरणे विपुल आहेत. १९५७ मध्ये काँग्रेसविरुद्ध निवडून आलेले खाडिलकर १९६२ मध्ये काँग्रेसतर्फे खेडमधून लोकसभेत गेले. साम्यवादी चळवळीत काम केलेले अण्णासाहेब शिंदे त्याच निवडणुकीत कोपरगावातून काँग्रेसचे खासदार झाले आणि पुढे केंद्रात कृषी खात्याचे मंत्री म्हणून दीर्घकाळ राहिले. संगमनेरचे भाऊसाहेब थोरात हेही साम्यवादी चळवळीतूनच सहकाराकडे आणि काँग्रेसकडे आले. दत्ता देशमुखांसारखे जे बाहेर राहिले, त्यांनाही सरकारी समित्यांवर मानाने बोलावले जाई. १९७८-७९ मध्ये दख्खन कालव्यांवर आठमाही पाणीपुरवठ्याचा विचार करणाऱ्या समितीत वि. म. दांडेकर आणि देऊस्कर यांच्यासमवेत ते होते.

दुसरेही एक कारण अनुमानाने सांगता येते. सहकारी साखर कारखान्यांची नवी नेतृत्वश्रेणी आता काँग्रेसमध्ये बलवान होत होती. खाजगी कारखाने हे तिचे स्पर्धक होते, आणि १८ एकर बारमाही बागाईत ही मर्यादा मध्यम ऊस-बागाईतदाराला फारशी जाचक नव्हती. सत्ताधारी पक्षाच्या ग्रामीण आधाराला धक्का न लावता डाव्यांची एक प्रमुख मागणी मान्य करता येत होती. बेरीज अशा ठिकाणी सोपी जाते.

परंतु कायद्याचे मर्म मर्यादेच्या आकड्यात नसून कलम २८ मध्ये होते. औद्योगिक संस्थेची अतिरिक्त जमीन सरकारजमा झाल्यावर तिचे काय करावयाचे, हे त्या कलमात सांगितले आहे. कारखान्याला कच्च्या मालाचा पुरवठा अखंड राहावा, म्हणून जमिनीचे सलग गट अभंग ठेवावेत, ही पहिली अट. त्या गटांवर संयुक्त शेती संस्था स्थापन कराव्यात, आणि तिचे सभासद शक्यतो कोण असावेत याची यादी पुढे दिलेली होती : पूर्वी ती जमीन कारखान्याला खंडाने देणारे, मळ्यावरील शेतमजूर, तांत्रिक व इतर नोकरवर्ग, लगतचे अल्पभूधारक, आणि भूमिहीन. ही यादी म्हणजे या प्रश्नात ज्यांचा ज्यांचा हितसंबंध होता, त्या सर्वांची हजेरीच होय. खंडकरी तीत पहिल्या क्रमांकावर आहेत. कायदा करणाऱ्यांना त्यांचा विसर पडला, असा आरोप म्हणूनच करता येत नाही. त्यांना ओळखले गेले होते, मात्र मालक म्हणून नव्हे, तर होऊ घातलेल्या एका संस्थेचे संभाव्य सभासद म्हणून. आणि वाक्यात ‘शक्यतो’ हा शब्द होता.

संयुक्त शेतीची कल्पना राष्ट्रीय राजकारणात तोवर क्षीण होऊ लागली होती. नागपूर ठरावावरील हल्ल्यानंतर तिच्यासाठी आपली प्रतिष्ठा पणाला लावण्याची तयारी फारशा नेत्यांत उरली नव्हती. मळ्यांवरही ती मूर्त स्वरूपात आली नाही. १९६३ मध्ये महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन झाले आणि मळे त्याच्या ताब्यात गेले. जमीन महामंडळ कसणार, ऊस कारखान्याला देणार, मजूर महामंडळाचे नोकर होणार, अशी व्यवस्था झाली. पुढील दुरुस्तीने, कलम २८-१अअ अन्वये, शेती महामंडळाला जमीन देण्याचा अधिकार सरकारने कायद्यात स्पष्टपणे घेतला. कायद्यातील पाच नावांच्या यादीची जागा एका सरकारी संस्थेने घेतली.

या व्यवस्थेत कोणाला काय मिळाले? काँग्रेसला आपण भांडवलदारी मळे मोडले असे सांगता आले. डाव्या पक्षांना खाजगी मालकी जाऊन सार्वजनिक मालकी आल्याचे समाधान होते, आणि त्यांच्या संघटनांतील मजुरांची नोकरी सुरक्षित झाली, किंबहुना सरकारी छत्राखाली ती पूर्वीपेक्षा पक्की झाली. कारखान्यांनी जमीन गमावली, तरी ऊस मिळण्याची हमी कायद्यानेच दिली होती. जमिनीचे तुकडे पडू नयेत हा १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यापासूनचा प्रशासनाचा आग्रहही राखला गेला. पक्षसंघर्षातील प्रत्येक प्रबळ बाजूच्या पदरात काहीतरी पडले होते. तडजोड म्हणून तिच्यात खोट काढण्यास फारशी जागा नाही. राहिले ते खंडकरी आणि भूमिहीन.

यांपैकी भूमिहीनांचा आवाज निदान रस्त्यावर उठत होता. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचा जो देशव्यापी सत्याग्रह केला, त्यात पडीक आणि सरकारी जमीन कसणाऱ्याला द्यावी ही मागणी अग्रभागी होती. खंडकऱ्यांची अडचण वेगळ्या प्रकारची होती. ‘कसेल त्याची जमीन’ या घोषणेने भारलेल्या काळात जो स्वतः कसत नाही, त्याने जमीन मागावी हे प्रतिगामी वाटे. तो कसत का नाही, याचे स्पष्टीकरण घोषणेत मावत नव्हते. शिवाय मळे वाटून द्या म्हणणे म्हणजे मळ्यावरील मजुराच्या पोटावर पाय देणे, असा पेच होता, आणि दोघांच्याही संघटना डाव्या विचाराच्याच होत्या. पक्षापक्षांतील संघर्ष तडजोडीने मिटल्यावर तो संघर्ष असा एकाच विचाराच्या दोन संघटनांच्या दारात येऊन उभा राहिला. याचा दोष कोणा एकाला देणे इतिहासाला धरून होणार नाही. त्या दोन्ही मागण्या न्याय्य होत्या, आणि जमीन एकच होती.

न्यायालयाचा मार्गही अरुंद झाला होता. १९६४ च्या सतराव्या घटनादुरुस्तीने हा अधिनियम राज्यघटनेच्या नवव्या परिशिष्टात गेला. गोदावरी शुगर मिल्सच्या दाव्यात १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की, परिशिष्टात समाविष्ट झालेल्या कायद्यात नंतर झालेल्या दुरुस्त्यांना अनुच्छेद ३१-ब चे संरक्षण आपोआप मिळत नाही. तथापि शेती महामंडळाविषयीची तरतूद जमीनसुधारणेचाच भाग असल्याने अनुच्छेद ३१-अ खाली ती टिकते. हा दावा घटनाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पहिल्या तत्त्वासाठी माहीत असतो. जिल्ह्याच्या दृष्टीने दुसरा भाग निर्णायक होता. खटला कारखान्याने लढवला, आणि त्याच्या निकालाने महामंडळाचा हक्क पक्का झाला. ज्यांच्या जमिनीवरून हा वाद होता, ते मूळ मालक त्या कज्जाच्या मध्यभागी नव्हते.

महामंडळाचे पुढे काय झाले, ते थोडक्यात सांगता येण्यासारखे आहे. काही वर्षे मळे चालले. नंतर तोटा वाढत गेला, ऊस घेणारे जुने खाजगी कारखाने एकामागून एक थकले किंवा बंद पडले, आणि सलग गट अभंग ठेवण्याचे जे कारण कायद्यात नोंदले होते, ते कारणच नाहीसे झाले. एकेकाळची हिरवी शिवारे पडीक दिसू लागली. ही स्थिती येईपर्यंत खंडकऱ्यांची दुसरी पिढी वयस्क झाली होती.

त्यांचा लढा संघटित करण्यात मनमाडचे भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे नेते माधवराव गायकवाड यांचा वाटा मोठा होता. सार्वजनिक मालकीचा पुरस्कार करणाऱ्या पक्षाच्या नेत्याने सरकारी महामंडळाकडून जमीन काढून ती खाजगी शेतकऱ्याला द्या म्हणून दशकानुदशके लढावे, यात विसंगती पाहणाऱ्याने खंडकऱ्याची एकराएकरांची धारणा पाहिलेली नसते. मोर्चे, परिषदा, विधिमंडळातील प्रश्न आणि न्यायालयातील अर्ज या सर्व वाटांनी मागणी जिवंत ठेवली गेली. अखेर कमाल जमीनधारणा कायद्यात दुरुस्ती होऊन २०१२ मध्ये मूळ मालकांना व त्यांच्या वारसांना मोठ्या प्रमाणावर जमीन परत देण्यास आरंभ झाला. त्या वेळी राज्यात काँग्रेस आणि राष्ट्रवादी काँग्रेस यांचे संयुक्त सरकार होते, पृथ्वीराज चव्हाण मुख्यमंत्री होते, आणि महसूलमंत्री होते संगमनेरचे बाळासाहेब थोरात, भाऊसाहेबांचे चिरंजीव. विरोधी पक्षाच्या नेत्याने पेटता ठेवलेला प्रश्न सत्ताधारी पक्षाच्या मंत्र्याच्या सहीने सुटला. संघर्ष आणि तडजोड यांतील कोणते श्रेष्ठ, असा प्रश्न येथे विचारणे म्हणजे बैलजोडीतील कोणत्या बैलाने नांगर ओढला असे विचारणे होय. १९६१ ची तडजोड संघर्षाच्या भयानेच घडली होती. २०१२ ची तडजोड संघर्ष न थांबल्यामुळे घडली. दोहोंत फरक इतकाच की, दुसऱ्या वेळी खंडकरी स्वतः एक पक्ष होता.

म्हणून दुसरी तडजोड परिपूर्ण होती असे मात्र नाही. महामंडळाच्या मळ्यांवर ज्यांच्या दोन-तीन पिढ्या राबल्या, त्या मजुरांना जमीन मिळाली नाही. नोकरी संपली, आणि ज्या वाड्यांवर ते राहत होते, तेथील घरांच्या जागेसाठी त्यांना नव्याने मागण्या कराव्या लागल्या. कलम २८ च्या यादीतील दुसरे नाव त्यांचे होते. पहिल्या नावाला न्याय मिळताना दुसरे मागे राहिले. तीन हितसंबंधांना एका जागी बसवणारी संयुक्त शेती संस्था अव्यवहार्य होती काय, याचा निर्णय करणे कठीण आहे, कारण ती करून पाहिली गेली नाही. मळ्यांच्या सुबत्तेच्या काळात, कारखाने चालू असताना आणि उसाला मागणी असताना, हा प्रयोग करण्यास अनुकूलता होती. नंतर ती उरली नाही.

जमीन परत मिळालेल्या खंडकऱ्याच्या सातबाऱ्यावर त्याची नोंद ‘भोगवटादार वर्ग दोन’ अशी झाली. म्हणजे ती जमीन सरकारने त्याला अटींवर दिलेली, आणि सरकारच्या परवानगीवाचून हस्तांतरित न होणारी. आजोबांनी तीस वर्षांच्या मुदतीने दिलेली स्वतःची जमीन नातवाला सरकारी देणगी म्हणून मिळाली. वर्ग दोनचा वर्ग एक व्हावा यासाठी खंडकऱ्यांना पुन्हा मागणी करावी लागली, आणि त्यासाठी कायद्यात पुन्हा एकदा दुरुस्ती करावी लागली.